प्राध्यापकांचं प्रशिक्षण वर्गात आणा

महाराष्ट्रात पहिलीच्या मुलांना शिकवायचं असेल, तर डी.एल.एड. करावं लागतं आणि टीईटी उत्तीर्ण व्हावं लागतं. नववी-दहावीसाठी बी.एड. लागतं. अकरावी-बारावीला शिकवायचं तर हातात एम.ए. किंवा एम.एस्सी. असली, तरी बी.एड. सुटत नाही. मात्र तोच विद्यार्थी त्याच आवारातल्या शेजारच्या इमारतीत एफ.वाय.च्या वर्गात जाऊन बसला, की चित्र बदलतं. त्याच्यासमोर उभ्या राहणाऱ्या व्यक्तीने ‘शिकवायचं कसं’ याचा एक दिवस तरी अभ्यास केलेला असावा, अशी अट तिथे नाही. पदव्युत्तर परीक्षेत 55 टक्के गुण आणि नेट, सेट किंवा पीएच.डी. एवढं पुरतं. नेटच्या पहिल्या पेपरात अध्यापन अभिक्षमतेचे प्रश्न असतात खरे, पण दहा घटकांपैकी तो एक घटक आणि प्रश्न सगळे बहुपर्यायी.

म्हणजे महाविद्यालयातला शिक्षक शिकवायला शिकतो तो नोकरीला लागल्यावर, समोर बसलेल्या मुलांवर. आपल्याला जे शिक्षक आवडले त्यांची ढब उचलत, चुकत-माकत बरेच जण उत्तम शिक्षक होतातही. पण त्यात चार-पाच वर्षं जातात आणि तेवढ्या काळात चार-पाच तुकड्या पदवी घेऊन बाहेर पडलेल्या असतात. ज्या मुलांच्या घरात पदवीपर्यंत पोचणारं ते पहिलंच माणूस आहे, त्यांना शिक्षकाच्या या उमेदवारीची किंमत सगळ्यात जास्त मोजावी लागते. त्यांच्याकडे क्लास नसतो, घरात विचारायला कुणी नसतं. वर्गात जे कळेल तेवढंच त्यांचं.

ही उणीव काल-परवा लक्षात आलेली नाही. 1964 ते 1966 या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने ती नेमकी हेरली होती. आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, कोल्हापूर जिल्ह्यातले. शिक्षणाचा विचार त्यांनी दिल्लीत बसून जितका केला, तितकाच गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीतही केला होता. नव्याने नेमलेल्या व्याख्यात्याला संस्थेत रुळायला थोडा वेळ द्यावा, चांगल्या शिक्षकांच्या तासांना त्याने बसावं, विद्यापीठांनी नियमित उद्बोधन वर्ग घ्यावेत आणि मोठ्या विद्यापीठांनी त्यासाठी कायमस्वरूपी ‘स्टाफ कॉलेज’ काढावं, असं या अहवालात सुचवलं होतं.

यातलं स्टाफ कॉलेज प्रत्यक्षात यायला वीसेक वर्षं लागली. 1986 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं आणि पुढच्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने अकॅडमिक स्टाफ कॉलेजांची योजना सुरू केली. आपल्याकडे पुणे, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या विद्यापीठांत ही केंद्रं उभी राहिली. नव्या शिक्षकासाठी चार आठवड्यांचा उद्बोधन वर्ग, जुन्यांसाठी तीन आठवड्यांचा उजळणी वर्ग. पुढे या केंद्रांचं नाव मनुष्यबळ विकास केंद्र झालं आणि 5 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या मालवीय मिशनखाली त्यांना मदन मोहन मालवीय शिक्षक प्रशिक्षण केंद्र म्हटलं जाऊ लागलं. देशभरात आता अशी 111 केंद्रं आहेत आणि उच्च शिक्षणातल्या पंधरा लाख शिक्षकांपर्यंत पोचायचं त्यांचं उद्दिष्ट आहे.

या केंद्रांनी दिलेलं एक मोठं देणं मान्य करायलाच हवं. तालुक्याच्या महाविद्यालयात आपल्या विषयाचा एकुलता एक शिक्षक असलेला माणूस तिथे पहिल्यांदा त्याच विषयाच्या तीस-चाळीस शिक्षकांत बसायचा. वसतिगृहात तीन-चार आठवडे एकत्र राहणं, रात्री जेवणानंतर अभ्यासक्रमावर वाद घालणं, एकमेकांच्या नोट्स उतरवून घेणं यातून जमलेली मैत्री निवृत्तीपर्यंत टिकायची. कितीतरी जणांना पीएच.डी.चा मार्गदर्शक तिथेच भेटला. आता बरेचसे वर्ग ऑनलाइन झाले आणि हे मोकळेपणाचं शिकणं आधी गेलं. प्रवासखर्च वाचला, कुटुंबापासून लांब राहावं लागत नाही, विशेषतः लहान मुलं असलेल्या शिक्षिकांची मोठी सोय झाली, हे सगळं खरं. तरीही पडद्यावर सहा-सहा तास भाषणं ऐकणं म्हणजे समव्यावसायिकांच्या सहवासात राहणं नव्हे.

कोठारी आयोगाची दुसरी सूचना होती चांगल्या शिक्षकाच्या तासाला जाऊन बसण्याची. तिला ना इमारत लागत होती, ना अनुदान. तीच अमलात आली नाही. आजही आपल्या महाविद्यालयांत एक प्राध्यापक दुसऱ्याच्या वर्गात जाऊन मागच्या बाकावर बसला, तर तपासणीच चालू आहे असं सगळ्यांना वाटतं. वीस वर्षं शेजारच्या वर्गात शिकवणारा सहकारी नेमकं कसं शिकवतो, हे कित्येकांनी कधी पाहिलेलंच नसतं.

आणि जे प्रशिक्षण उभं राहिलं ते पदोन्नतीला बांधलं गेलं. शिक्षकांच्या खोलीत या पदोन्नतीला ‘कॅस’ किंवा ‘प्लेसमेंट’ म्हणतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाला लेव्हल 10 वरून 11 वर जायचं, तर 21 दिवसांचा उद्बोधन वर्ग हवा आणि शिवाय एक उजळणी वर्ग किंवा आठवड्याभराचे दोन शिक्षक विकास कार्यक्रम, म्हणजे एफडीपी. पुढच्या पायऱ्यांवरही असंच. लेव्हल 10 चं सुरुवातीचं मूळ वेतन 57,700 रुपये. सहयोगी प्राध्यापक होऊन लेव्हल 13ए वर पोचलं की ते 1,31,400 पासून सुरू होतं. एक वर्ग वेळेत झाला नाही की प्लेसमेंटची तारीख पुढे सरकते आणि दरमहा नुकसान होतं. देशभरातल्या शिक्षकांसाठी हे वर्ग पूर्ण करण्याची मुदत आयोगाला वेळोवेळी वाढवून द्यावी लागली, कारण मागणी जास्त आणि जागा कमी.

अशा परिस्थितीत शिक्षक काय करणार? जो वर्ग मिळेल तो घेतो. आपल्या विषयाची आरसी, म्हणजे उजळणी वर्ग, नाही मिळाली, तर आंतरविद्याशाखीय आरसी करतो. तिचा विषय पर्यावरण असेल, आपत्ती व्यवस्थापन असेल, काहीही असेल. या निवडीत वर्गातल्या मुलांचा विचार कुठेच येत नाही आणि त्यासाठी त्या शिक्षकाला दोष देता येणार नाही. ज्याच्या संसाराचं गणित एका प्रमाणपत्रावर अडलेलं आहे, त्याला प्रमाणपत्रच आधी दिसणार.

2020 मध्ये टाळेबंदी आली आणि या व्यवस्थेचं दुखणं उघडं पडलं. महिन्या-दोन महिन्यांत वेबिनारांचा पूर आला. व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक यायची, गुगल फॉर्म भरायचा, दहा-वीस प्रश्नांची चाचणी सोडवायची आणि ठरलेले गुण पडले की ई-प्रमाणपत्र मेलवर. त्याच दिवसांत लाखो विद्यार्थी मोबाइलच्या तुटक आवाजावर तास ऐकत होते आणि त्यांना त्या परिस्थितीत शिकवायचं कसं, ही खरीखुरी, तातडीची गरज होती. ती गरज ओळखून नेमकेपणाने घेतलेल्या कार्यशाळा अगदी मोजक्या.

महाविद्यालयांवरचा ताणही समजून घ्यायला हवा. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या सहाव्या निकषात शिक्षकांच्या सक्षमीकरणाचा भाग आहे. वर्षभरात संस्थेने शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांसाठी किती कार्यक्रम घेतले, किती शिक्षकांनी एफडीपी केले, किती जणांना परिषदांसाठी आर्थिक मदत दिली, असे आकडे तिथे मागितले जातात. आकडे मागितले की आकडे तयार होतात. पाच वर्षांचे अहवाल, छायाचित्रं, हजेरीपत्रकं, प्रमाणपत्रांच्या प्रती असा सगळा पुरावा जमवायला आयक्यूएसीचा, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचा समन्वयक रात्री जागवतो. त्या कार्यक्रमांनंतर एखाद्या वर्गातलं शिकवणं बदललं का, हे कोणत्याच रकान्यात विचारलेलं नसतं.

एखादी नेहमीची कार्यशाळा आठवून पाहावी. साडेनऊला नोंदणी, फोल्डर आणि पेन. साडेदहाला दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, अध्यक्षीय भाषण. बाराच्या सुमारास पहिलं सत्र. जेवणानंतर ‘ब्लूम्स टॅक्सॉनॉमी’वर दीड तासाचं व्याख्यान, मग ‘सीओ-पीओ मॅपिंग’. विद्यार्थ्याला कृतीत गुंतवलं पाहिजे हे साठ प्राध्यापकांना सलग नव्वद मिनिटं ऐकवलं जातं आणि त्या नव्वद मिनिटांत त्या साठ जणांना स्वतः काहीच करायला मिळत नाही. पाच वाजता समारोप, मनोगतं, प्रमाणपत्रं. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला तास, जुनीच वही. राबणाऱ्या आयोजकांची तळमळ खरी असते. आपले तास सांभाळून त्यांनी निधी, सभागृह, जेवण सगळं उभं केलेलं असतं. त्यांच्या श्रमांना न्याय मिळायचा, तर कार्यशाळेचा ढाचाच बदलायला हवा.

कसा, याबद्दल गेल्या तीस-पस्तीस वर्षांत पुष्कळ काही समजलेलं आहे.

अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात एरिक मॅझर भौतिकशास्त्र शिकवायचे. विद्यार्थी त्यांच्यावर खूश होते, परीक्षेतली अवघड गणितंही सोडवत होते. 1990 च्या सुमारास त्यांच्या वाचनात आलं की, न्यूटनच्या नियमांची व्याख्या घडाघडा सांगणारे विद्यार्थी रोजच्या भाषेत विचारलेल्या साध्या प्रश्नांत अडखळतात. आपल्या वर्गात असं होणार नाही या खात्रीने त्यांनी तीच चाचणी घेतली आणि निकाल पाहून ते हादरले. सूत्रं पाठ होती, समज कच्ची होती. मग त्यांनी तासाची रचनाच बदलली. थोडं सांगायचं, मग संकल्पनेवरचा एक प्रश्न टाकायचा. प्रत्येकाने आधी एकट्याने उत्तर निवडायचं. नंतर शेजाऱ्याशी दोन-तीन मिनिटं बोलायचं, त्याला आपलं म्हणणं पटवायचं. आणि पुन्हा उत्तर द्यायचं.

त्यांचा गाजलेला एक प्रश्न असा आहे. धातूच्या पत्र्याच्या मधोमध गोल भोक आहे. पत्रा सगळीकडून सारखा तापवला, तर भोक मोठं होईल, लहान होईल की तेवढंच राहील? बहुतेकांना वाटतं, धातू प्रसरण पावून आत सरकणार आणि भोक लहान होणार. आपल्या एखाद्या ग्रामीण महाविद्यालयातल्या एफ.वाय.बी.एस्सी.च्या वर्गात हाच प्रश्न टाकला, तर काय होईल? पुष्कळ हात ‘लहान’ला वर जातील. मग शेजाऱ्याशी बोलायला सांगितलं की एखाद्या बाकावर कुणाला तरी बैलगाडीचं चाक आठवेल. लोहार लोखंडी धाव आधी लालभडक तापवतो, ती लाकडी चाकावर अलगद बसते, वर पाणी ओतलं की चाकाला घट्ट आवळते. तापल्यावर धावेचा घेर वाढला नसता, तर ती चढलीच नसती. हे ज्याने लहानपणी पाहिलं आहे, तो शेजाऱ्याला दोन वाक्यांत पटवतो. प्रसरणाचा नियम त्या दोघांना जन्मभर विसरता येत नाही. अशा वेळी शिक्षकाचं काम असतं योग्य प्रश्न निवडणं, दोन मिनिटं शांत राहणं आणि बाकांमधून फिरत मुलांचं बोलणं ऐकणं. दिसायला सोपं, करायला अवघड. व्याख्यान ऐकून हे येत नाही, करून पाहावं लागतं.

याला पुरावे भक्कम आहेत. 2011 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यामागे होते नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन आणि त्यांचे सहकारी. अडीचशेहून अधिक विद्यार्थ्यांच्या दोन तुकड्या, एकच आठवडा, विषय विद्युतचुंबकीय लहरींचा. एका तुकडीला अनुभवी आणि विद्यार्थिप्रिय प्राध्यापकाने व्याख्यानाने शिकवलं. दुसरीला शिकवण्याचा फारसा अनुभव नसलेल्या, पण या पद्धतीची तयारी केलेल्या तरुण संशोधकाने प्रश्न, चर्चा आणि ताबडतोब दिलेला प्रतिसाद यांच्या आधाराने शिकवलं. शेवटच्या चाचणीत पहिल्या तुकडीची सरासरी 41 टक्के, दुसरीची 74. प्रयोग एका आठवड्याचा होता, त्यामुळे एवढ्यावर सगळा डोलारा उभा करणं बरोबर नाही. पण 2014 मध्ये स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, गणित, अभियांत्रिकीच्या अध्यापनावरचे 225 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हाही कौल तोच आला. निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत अनुत्तीर्ण होणाऱ्यांचं सरासरी प्रमाण 33.8 टक्के, तर कृतीत गुंतवणाऱ्या वर्गांत 21.8 टक्के.

‘हे सगळं परदेशात ठीक, आमच्या वर्गात सव्वाशे मुलं असतात’ हा आक्षेप प्रत्येक स्टाफरूममध्ये ऐकू येतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. त्याचं उत्तर मात्र पवईतच मिळतं. आयआयटी मुंबईतल्या शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या संशोधकांनी पहिल्या वर्षाच्या संगणक प्रोग्रामिंगच्या वर्गात ‘आधी स्वतः विचार करा, मग जोडीने करा, मग सगळ्यांपुढे मांडा’ ही पद्धत वापरून पाहिली आणि विद्यार्थ्यांच्या वागण्याच्या नोंदी ठेवल्या. वर्ग साडेचारशेच्या आसपास विद्यार्थ्यांचा. या कृतीच्या वेळी सरासरी 83 टक्के विद्यार्थी कामात गुंतलेले दिसले. साडेचारशेत जमलं, तर सव्वाशेत जमायला हरकत नाही. अडचण संख्येपेक्षा सवयीची आणि सरावाची आहे.

याच संस्थेने मोठ्या संख्येने शिक्षकांपर्यंत पोचण्याचाही मार्ग दाखवला होता. प्रा. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने तिथे दहा हजार शिक्षकांना प्रशिक्षित करण्याचा उपक्रम चालला. देशभरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत दूरस्थ केंद्रं उभारली. केंद्रांचे समन्वयक आधी पवईला येऊन शिकून जायचे. मग मुख्य कार्यशाळेत तज्ज्ञाचं व्याख्यान इंटरनेटवरून सगळीकडे एकाच वेळी पोचायचं आणि प्रात्यक्षिकं त्या-त्या केंद्रातल्या प्रयोगशाळेत समन्वयकाच्या देखरेखीखाली व्हायची. ऐकणं दूरवरून, पण करणं हाताने आणि शेजारी कुणीतरी जाणतं माणूस. आजच्या ऑनलाइन एफडीपींनी यातला पहिला भाग तेवढा ठेवला.

पुण्याच्या आयसरमध्ये ब्रिटनमधल्या शेफील्ड हॅलम विद्यापीठाच्या सहकार्याने पदवीच्या विज्ञान शिक्षकांसाठी कार्यशाळा झाल्या, त्यांचा गाभाही असाच होता. प्रकाशित संशोधनातला एखादा प्रश्न, एखादा आलेख घ्यायचा आणि पदवीच्या मुलांना झेपेल अशी कृती त्यातून शिक्षकाने स्वतः रचायची. शिक्षक तिथून निघताना आपल्या वर्गात वापरता येईल असं काहीतरी तयार करून बाहेर पडतो. कार्यशाळेची खरी कसोटी हीच असायला हवी.

भाषेचा मुद्दा फार कमी बोलला जातो. आपल्या बहुतेक कार्यशाळा इंग्रजीत होतात, पीपीटी इंग्रजीत असते, नमुना प्रश्नही इंग्रजीतच. शिक्षक वर्गात जातो तेव्हा समोर बारावीपर्यंत मराठीतून शिकून आलेली मुलं असतात आणि पुस्तक इंग्रजी असतं. शेजाऱ्याशी चर्चा करायला सांगितली, की ती मराठीत होणार, अहिराणीत होणार, वऱ्हाडीत होणार. व्हायलाच हवी, कारण समज पक्की होते ती त्याच भाषेत. मग त्या बोलीतल्या समजुतीला परीक्षेतल्या इंग्रजी उत्तरापर्यंत कसं न्यायचं, हे महाराष्ट्रातल्या प्राध्यापकापुढचं रोजचं आव्हान आहे. त्यावर दोन दिवसांची मराठीतली कार्यशाळा ब्लूमच्या वर्गीकरणावरच्या दहा व्याख्यानांपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

प्रशिक्षणाची गरज आत्ताच जास्त आहे, याचं कारण नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आणलेली अभ्यासक्रमाची नवी चौकट. स्वायत्त महाविद्यालयांत 2023-24 पासून आणि संलग्नित महाविद्यालयांत 2024-25 पासून पदवीच्या पहिल्या वर्षाला मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्य अभ्यासक्रम, भारतीय ज्ञानप्रणाली अशी रचना आली. आयुष्यभर वाणिज्यच्या मुलांना अकाउंट्स शिकवणाऱ्या शिक्षकाला आता ओपन इलेक्टिव्हमध्ये कला शाखेच्या मुलांना आर्थिक साक्षरता शिकवायची आहे. दोन श्रेयांकांचा विषय, मोजके तास, मुलांची पार्श्वभूमी वेगळी. त्याच्यासाठी मालवीय मिशनखाली धोरणाची ओळख करून देणारा काही दिवसांचा ऑनलाइन वर्ग आहे. धोरण त्याला कळलं. सोमवारच्या तासाला काय करायचं, हा प्रश्न त्याच्याकडेच राहिला.

आणि आता सगळ्यात दुखऱ्या जागेबद्दल. महाराष्ट्रातल्या अनेक वरिष्ठ महाविद्यालयांत वर्ग चालतात ते सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर नेमलेल्या शिक्षकांच्या जिवावर. नेट-सेट, पीएच.डी. झालेली ही मुलं-मुली. तास घेतला तर पैसे, सुट्टीत काही नाही, नेमणूक सत्रापुरती. त्यांना कॅस नाही, म्हणून उद्बोधन वर्गही नाही. आठवड्याभराच्या कार्यशाळेला जायचं, तर तेवढ्या तासांचं मानधन बुडतं आणि कर्तव्य रजा कुणी देत नाही. ज्याला सगळ्यात कमी अनुभव आहे आणि ज्याच्याकडे पहिल्या वर्षाची सगळ्यात मोठी तुकडी दिलेली असते, तोच प्रशिक्षणाच्या बाहेर. रखडलेली पदभरती हा सरकारशी भांडण्याचा मोठा मुद्दा आहे आणि ते भांडण चालूच राहायला हवं. पण या शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे तास मानधनात धरण्यासाठी पदभरतीची वाट बघायचं कारण नाही. एवढा निर्णय सरकारने घ्यावा, लगेच घ्यावा.

महाविद्यालय फक्त शिक्षकांवर चालत नाही, हेही विसरलं जातं. विद्यार्थ्याची आणि संस्थेची पहिली गाठ पडते ती कार्यालयाच्या खिडकीशी. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरलेला आहे, तो ‘सेंड बॅक’ झालेला आहे आणि का झाला ते मुलीला कळत नाही. उत्पन्नाचा दाखला जुन्या वर्षाचा लागला का, बँक खात्याला आधार जोडलेलं नाही का, की मागच्या वर्षाची गुणपत्रिका चुकीची चढली? खिडकीपलीकडच्या लिपिकाला हे नीट समजावून सांगता आलं, तर त्या मुलीचं वर्ष वाचतं. नाही आलं, तर ती चार चकरा मारते, एसटीचे पैसे जातात आणि कधी कधी अर्जाची मुदतही संपते. त्याच लिपिकाकडे एबीसी आयडी, समर्थ पोर्टल, सेवार्थमधली वेतन देयकं आणि एआयएसएचईची माहिती असते. प्रत्येक नवी प्रणाली आली की एक पीडीएफ आणि एक यूट्यूबची लिंक येते. बाकी तो शेजारच्या महाविद्यालयातल्या मित्राला फोन करून शिकतो.

ग्रंथालयातही हेच. एन-लिस्ट योजनेतून महाविद्यालयांना सहा हजारांहून अधिक ई-नियतकालिकं मिळतात. लॉगिन तयार असतं, पण ग्रंथालय सहायकाने विद्यार्थ्याजवळ बसून ते कसं वापरायचं हे दाखवलं, तरच ती उघडली जातात. प्रयोगशाळेतल्या परिचराला आम्ल कुठे ठेवायचं, सांडलं तर काय करायचं, टाकाऊ रसायनं कुठे जमा करायची, याचं शिक्षण बहुतेकदा जुन्या परिचराकडून तोंडी मिळतं. अपंग विद्यार्थी आला तर त्याच्याशी कसं बोलायचं, लेखनिकाची सोय कशी करायची, हे शिपायापासून अधीक्षकापर्यंत सगळ्यांना माहीत हवं. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांसाठी वर्षातून एक ‘तणावमुक्ती’चं व्याख्यान घेऊन नॅकचा रकाना भरतो, पण त्यांच्या टेबलावरचं काम तसूभरही सोपं होत नाही.

मग करायचं काय? नव्या आयोगाची, नव्या इमारतीची गरज नाही. मुख्य बदल एवढाच की, प्रशिक्षण एका आठवड्यात उरकण्याऐवजी ते सत्रभर चालावं आणि सभागृहाऐवजी वर्गात व्हावं. सुरुवातीला दोन दिवस एकत्र बसून प्रत्येकाने आपल्याच अभ्यासक्रमातल्या एका घटकासाठी प्रश्न आणि कृती तयार कराव्यात. मग आपल्या वर्गात त्या वापराव्यात. महिन्यातून एकदा सहकाऱ्याने वर्गात बसून पाहावं, तासानंतर चहा घेताना काय जमलं, काय फसलं यावर बोलावं. सत्राच्या शेवटी पुन्हा एक दिवस एकत्र यावं. कार्ल वीमन यांनी कोलोरॅडो आणि ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठांत जे मोठे उपक्रम उभारले, त्यांचा भर असाच होता. एकट्या शिक्षकाला बाहेर पाठवण्याऐवजी अख्ख्या विभागाला हाताशी धरायचं आणि विभागातच विषय जाणणारा मदतनीस द्यायचा.

यात एक पथ्य कडकपणे पाळावं लागेल. सहकाऱ्याने वर्गात बसून केलेल्या नोंदी गोपनीय अहवालात जाता कामा नयेत, प्राचार्यांच्या टेबलावर नाहीत आणि नॅकच्या फाइलमध्ये तर मुळीच नाहीत. एकदा का त्याला तपासणीचा वास आला, की त्या दिवसापुरता नटवलेला तास दाखवला जाईल आणि सगळी मेहनत पाण्यात. नॅकला पुरावाच हवा असेल, तर शिक्षकाने तयार केलेले प्रश्नसंच आणि मुलांच्या उत्तरपत्रिकांतला फरक मागावा.

विद्यापीठ अनुदान आयोगानेही कॅससाठी अशा सत्रभराच्या कामाला उजळणी वर्गाइतकंच वजन द्यावं. आठ किंवा बारा आठवड्यांच्या एनपीटीईएलच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांना एफडीपीचा दर्जा मिळू शकतो, तर स्वतःच्या वर्गात सोळा आठवडे केलेल्या कामाला तो का मिळू नये? पीएच.डी.च्या 2022 च्या नियमांत संशोधक विद्यार्थ्याला अध्यापनाचं प्रशिक्षण आणि आठवड्याला चार ते सहा तास अध्यापन-साहाय्याचं काम देण्याची तरतूद आहे. विद्यापीठांनी ती कागदावर न ठेवता या मुलांना चांगल्या शिक्षकांच्या हाताखाली दिलं, तर उद्याचा सहायक प्राध्यापक पहिल्या दिवशी रिकाम्या हातांनी वर्गात शिरणार नाही.

वेळ नाही, ही सबब फार टिकत नाही. सहायक प्राध्यापकाचे आठवड्याला चाळीस तास गृहीत धरलेले आहेत आणि त्यात प्रत्यक्ष अध्यापनाचे सोळा. महिन्याला दोन तास सहकाऱ्याच्या वर्गात बसायला त्यात जागा आहे, फक्त वेळापत्रकात तशी नोंद हवी. येत्या जूनमध्ये वेळापत्रक लावताना प्राचार्यांनी आणि विभागप्रमुखांनी हे दोन तास त्यात टाकावेत. सीएचबीवरच्या सहकाऱ्यांनाही त्यात घ्यावं आणि त्या तासांचं मानधन संस्थेने द्यावं. ज्येष्ठ प्राध्यापकांनी पहिल्यांदा आपला तास खुला करावा, कारण नवख्याला तो धीर ज्येष्ठांकडूनच येतो. पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनीही प्रवेशाच्या वेळी नॅकची श्रेणी विचारण्याबरोबर एक प्रश्न आवर्जून विचारावा: तुमच्याकडे नवीन शिक्षकाला शिकवायला कोण शिकवतं?